पागनीसांकडून आलेला पलंग

पलंग आला, पण वॉकर आला नाही.

विनोदिनी मोघे फाटकाशी उभी राहून अनिलच्या लोडिंग ऑटोकडे बघत होती. पलंग दवाखान्यातल्यासारखा होता, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होणारा. दिवाळीनंतर तो यज्ञेश्वर पागनीसांच्या फ्रीगंजातल्या घरी गेला होता, मागोमाग वॉकरही गेला होता. आता पलंग गादीसकट परत आला होता आणि गादीवरची चादर कुणी काढलीसुद्धा नव्हती. यज्ञेश्वररावांची बायको अहल्या चादर न काढता गादी परत पाठवेल, हे काही पटण्यासारखं नव्हतं.

पलंग उज्जैनच्या नागरिक सेवा क्लबचा. उन्हाळ्यात देवास गेटला प्याऊ, म्हणजे पाणपोई लावणं, थंडीत राम घाटावर ब्लँकेटं वाटणं, नेत्रदानाचा प्रचार करणं ही क्लबची नेहमीची कामं. आणि आजारी माणसाला लागणारं साहित्य वापरायला देणं हे त्यातलं विनोदिनीच्या वाट्याचं काम. मोघे गेल्यावर तिने गाडी विकली, तेव्हा नानाखेड्यातल्या घराचं गॅरेज रिकामं झालं. तिथे आता व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या असत. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं.

नियम एकच होता आणि तो विनोदिनीनेच घातला होता. वस्तू परत घेताना पेशंटची चौकशी करायची नाही. सुरुवातीला तिने एका बाईला हसून विचारलं होतं, "मग, बरे झाले ना?" आणि ती बाई गॅरेजच्या पायरीवर बसून रडली होती. परत आलेल्या वस्तूला दोनच अर्थ असतात, आणि तोंडावरून ते ओळखता येतातच असं नाही. तेव्हापासून "आलं का? बरं," एवढंच बोलायचं ठरलं. अनिललाही हे पाठ होतं. पण आज तोच आपणहून बोलला.

"दीदी, पागनीस साहब के यहाँ गमी हो गई."

गमी, म्हणजे घरात कुणीतरी गेलं. विनोदिनीचा हात फाटकाच्या कडीवर तसाच राहिला.

"कब?"

"सुबह-सुबह. मैं पहुँचा तो लोग हॉल खाली कर रहे थे. पलंग उठाकर सीधा मेरी गाड़ी में रख दिया. मैंने कुछ पूछा नहीं."

"तुमको बुलाया किसने?"

"भाभीजी ने. कल शाम को फोन आया था, कि सुबह आकर पलंग ले जाना."

काल संध्याकाळी. विनोदिनीने कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला होता आणि दोन निरीक्षणं एकमेकांशी जुळली नाहीत की तिला आतून अस्वस्थ वाटायचं. माणूस आज सकाळी गेला, तर पलंग न्यायला कालच कसं सांगितलं? मग तिने मनाशी जुळवलं. काल त्यांना दवाखान्यात हलवलं असेल, पलंगाची गरज संपली असेल, आणि सकाळी तिथेच... वॉकर गडबडीत राहिला असेल. चादरीचंही तसंच. सगळं जुळलं. जरा ओढून ताणून, पण जुळलं.

तिने अहल्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आणि मग तिला जे आठवलं, त्यापुढे रडायलाही सवड नव्हती.

यज्ञेश्वर पागनीस म्हणजे उज्जैनमध्ये नेत्रदानाचं चालतंबोलतं दुकान. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे व्रतच घेतलं होतं. लग्नात, मुंजीत, वाढदिवसाला गाठून लोकांना विचारायचे, "डोळ्यांचं काय ठरवलंत?" खुब्याचं हाड मोडून पलंगावर पडले, तेव्हा भेटायला आलेल्या विनोदिनीला त्यांनी बजावलं होतं, "वहिनी, माझं काही झालं तर आमची ही रडत बसेल. मुलगी पल्लवी बंगळुरूला. डोळे वाया जाता कामा नयेत. ती जबाबदारी तुमची."

"तुम्ही आधी चालायला लागा, भाऊजी," असं ती म्हणाली होती. पण हो म्हणाली होती.

डोळे थोड्याच तासांत काढावे लागतात. उशीर झाला की बुबुळावरचा पारदर्शक पडदा धूसर होतो, मग कुणाच्याच कामाचा राहत नाही. विनोदिनीने नेत्रपेढीला फोन करून नाव-पत्ता दिला. मग क्लबचा अध्यक्ष प्रसाद, त्याला फोन केला.

"अरे बापरे," प्रसाद म्हणाला. "सर गेले? मॅडम, मी ग्रुपवर टाकून देतो."

"थांब जरा. मला आधी घरी जाऊन..."

फोन बंद झाला होता.

ई-रिक्षात बसून ती वाक्य जुळवत राहिली. कुणाच्या दारात जाऊन हे विचारणं तिला नवं नव्हतं, पण त्या घरांत ती परकी असायची. इथे समोर अहल्या असणार. 'अहल्या, भाऊजींची इच्छा तुला ठाऊक आहे,' असं म्हणावं. की आधी नुसतं जवळ घ्यावं आणि मग म्हणावं? गाडी अर्ध्या तासात येणार, मग नुसतं जवळ घेण्याला किती वेळ द्यायचा? मनातल्या मनात ती यज्ञेश्वररावांशीही बोलली. आलेच आहे, काळजी करू नका. तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले.

पागनीसांच्या फाटकाशी पुरुषमाणसं उभी होती. विनोदिनी सवयीने मागच्या दाराने शिरली. स्वयंपाकघरात शेजारची अलका होती, डोळे सुजलेले.

"काकू, आलात? बघा ना, काय होऊन बसलं. अचानकच."

"डॉक्टर येऊन गेले?"

"हो, गल्लीतलेच. लिहूनही दिलं त्यांनी."

"कुठे ठेवलंय?"

"हॉलमध्ये."

"मग आधी हॉलमधला पंखा बंद कर. पापण्या नीट मिटल्यात का बघ, त्यावर ओला कापूस ठेव आणि डोक्याखाली एक उशी सरकव. डोळ्यांची गाडी येतेय."

अलका आज्ञाधारकपणे गेली आणि करून आली.

"आणि आता अहल्याला इकडे बोलाव," विनोदिनी म्हणाली. "मला तिच्याशी दोन मिनिटं बोलायचंय. सगळ्यांच्या समोर नको."

अलका तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कुणाला बोलवू?"

"अहल्याला. अगं, तिला विचारल्याशिवाय कसं करणार? तिची परवानगी लागते."

अलकाने हळूच तिचा दंड धरला. "मोघे काकू, तुम्ही आधी बसा. मी पाणी घेऊन येते तुमच्यासाठी. उन्हातून आलात."

"मला काही झालेलं नाही. तू तिला बोलाव."

"काकू," अलका आणखी हळू आवाजात म्हणाली, "बसा ना जरा."

तेवढ्यात आतल्या खोलीतून टक, टक असा आवाज आला. वॉकरचा. दारात यज्ञेश्वर पागनीस उभे राहिले. शर्टाची बटणं एक काज सोडून लागली होती.

"वहिनी, बरं झालं आलात," ते म्हणाले. "हिने साखर कुठे ठेवलीय? माणसं आलीत, चहा टाकावा म्हटलं, तर प्रत्येक डब्यात मीठच निघतंय."

"काका, आज चूल नाही पेटवायची," अलका म्हणाली. "मी माझ्याकडून आणते चहा."

"हो का? नाही पेटवायची?" त्यांनी विनोदिनीकडे बघून विचारलं, जणू काही हा प्रश्न तिच्याच विषयातला होता.

प्रयोगाचं उत्तर चुकीचं आलं की आधी आपल्या नजरेवर संशय घ्यायचा, असं विनोदिनी मुलींना शिकवायची. तिने पुढे होऊन त्यांच्या बाहीला हात लावला. बाही होती. बाहीत हात होता.

"तुम्ही..." ती म्हणाली.

"मी बरा आहे. काल फाटकापर्यंत जाऊन आलो. ही म्हणाली, आता पलंग देऊन टाकू, दुसऱ्या कुणाला लागेल. अनिलला तिनेच फोन केला."

"आणि अहल्या?"

त्यांनी हनुवटीने हॉलकडे खूण केली. "सकाळी घबराहट होतेय म्हणाली. ओट्याशी खाली बसली. मी हाक ऐकली, पण मला उठायला वेळ लागतो ना, वहिनी. वॉकर घेऊन इथवर येईपर्यंत..." ते ओट्याकडे बघत थांबले. मग म्हणाले, "साखर कुठे असेल?"

विनोदिनी स्टुलावर बसली. अलकाने आणलेलं पाणी तिने आता निमूट प्यायलं. अहल्या गेली, हे तिला कळलं होतं, पण ते आत पोचत नव्हतं. दुःख तिने सकाळपासून एका माणसासाठी बांधून आणलं होतं. ते सोडून दुसऱ्यासाठी पुन्हा कसं बांधायचं, हे तिला उमजेना. समोरचा माणूस जिवंत आहे याचा आनंद वाटायला हवा होता का? तोही कुठे सापडेना. मीठ निघणाऱ्या डब्यासारखंच झालं होतं.

बाहेर गलका झाला. प्रसाद आला होता, पांढरा कुर्ता घालून, हातात झेंडूचा मोठा हार. विनोदिनीने यज्ञेश्वररावांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं, तिथे तो नेमका सामोरा आला आणि हार तसाच छातीशी धरून उभा राहिला.

"सर," तो म्हणाला.

"ये, प्रसाद. हार तिला घाल."

"सर, मी... मॅडम म्हणाल्या..."

"वाचलं मी." यज्ञेश्वररावांच्या मांडीवर त्यांचा फोन होता आणि तो सारखा थरथरत होता. "फोटो चांगला निवडलास. प्याऊच्या उद्घाटनाचा ना? त्यात पोट दिसत नाही."

"मी डिलीट करतो, सर. आत्ताच."

"राहू दे. सगळ्यांनी हात जोडलेत. तो दिवेकर गेली दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, त्याने लिहिलंय, अत्यंत सज्जन माणूस." ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "तिच्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही. तिचा फोटो ग्रुपवर कुणाकडेच नसेल. ती नेहमी आत चहाचं बघायची."

प्रसाद हार घेऊन हॉलमध्ये गेला. विनोदिनीला वाटलं, आपण आता माफी मागायला हवी. पण कशाची? माणसाला न विचारता मेलेला ठरवल्याची, की जी मेली तिचा विचारही मनात न आल्याची? आजारी माणसाच्या घरातून पलंग आला, म्हणजे जाणारा आजारी माणूसच, असं तिने धरून चाललं होतं. त्याची शुश्रूषा करणारी बाई तिच्या गणितात कुठे नव्हतीच.

नेत्रपेढीची गाडी आली. तोंडाला मास्क, हातात निळी पेटी अशी एक तरुणी आत आली. निहारिका, असं छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं.

"यज्ञेश्वर पागनीसजी के घरवाले कौन हैं?"

"मैं हूँ," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"आप उनके कौन?"

"मैं वही हूँ."

निहारिकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग विनोदिनीकडे पाहिलं. विनोदिनी तिला बाजूला घेऊन बोलली. थोडक्यात, जे घडलं त्याच क्रमाने. निहारिकाने मान हलवली.

"कोई बात नहीं, मैडम. हम निकलते हैं." ती वळली आणि पुन्हा थांबली. हॉलच्या उघड्या दारातून आत दिसत होतं: बंद पंखा, डोक्याखाली उशी, डोळ्यांवर ओला कापूस. "ये किसने किया? बिल्कुल सही किया है. टाइम भी है अभी. आप लोग चाहें तो..."

चाहें तो. विनोदिनी तिथेच उभी राहिली. इथे येताना तिला अहल्याकडे नवऱ्याचे डोळे मागायचे होते. आता त्याच्याकडे बायकोचे मागायचे. नियमाने बघितलं तर यात काही अडचण नव्हती, जवळच्या माणसाने हो म्हटलं की पुरे. कुणी दोघं कुठेतरी यादीत नंबर लावून बसली असतील. पण यज्ञेश्वररावांना स्वतःबद्दल कधी संशय नव्हता, तो प्रश्न त्यांनी आधीच मिटवून ठेवला होता. अहल्याचा तसाच उघडा राहिला होता. आणि दुपारपर्यंत तो आपोआप मिटणार होता.

ती त्यांच्या खुर्चीपाशी गेली. तोंडातून शब्द निघायच्या आतच ते म्हणाले, "कळलं मला. ऐकलं."

"तुम्ही म्हणाल तसं."

"वहिनी, हे मी तिला कधी विचारलं होतं का?"

"मला कसं ठाऊक असणार, भाऊजी?"

"मलाही आठवत नाही. विचारलं असेल ना? सगळ्या गावाला विचारलं." ते गोंधळून इकडेतिकडे बघत होते. "पुढच्या जन्मी दिसेल ना तिला?"

विनोदिनी चमकली. हा प्रश्न लोक नेहमी विचारत, आणि त्याचं उत्तर क्लबच्या पत्रकात छापलेलं होतं. ते पत्रक यज्ञेश्वररावांनीच लिहिलं होतं. तेच उत्तर त्यांना परत द्यावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तुमच्याशी कधी बोलली का ती? या बाबतीत?"

बोलली होती. मागच्याच आठवड्यात, याच स्वयंपाकघरात. विनोदिनीने डोळे मिटून ते जसंच्या तसं आठवायचा प्रयत्न केला. एक शब्द आपला घालायचा नाही, एक गाळायचा नाही.

"मी डोळ्यांच्या तपासणीला जाऊ या म्हणाले. त्यावरून विषय निघाला. ती म्हणाली, माझ्या डोळ्यांत भिंगं बसवलेली, असला सेकंड हँड माल कोण घेतो? मी सांगितलं, भिंग आत असतं, लागतो तो पुढचा पडदा, तो तुझा चांगला आहे. तर म्हणाली, म्हणजे यातूनही सुटका नाही म्हणा की."

"हसली?"

"हसली. मग दूध उतू चाललं, तिकडे धावली."

"पुढे?"

"पुढे म्हणाली, ह्यांचं होऊ दे आधी, मग माझं बघू."

यज्ञेश्वरराव पुटपुटले, "ह्यांचं होऊ दे आधी."

"पण भाऊजी, ते नेत्रदानाबद्दल म्हणाली की तपासणीबद्दल, हे मला नक्की सांगता येत नाही. तुम्ही बरे झालात की मग तपासणी, असाही अर्थ होतो. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही."

निहारिका दाराशी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत उभी होती. मांडीवरचा फोन पुन्हा थरथरला. यज्ञेश्वररावांनी तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचला.

"नगरचे पोटे. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." त्यांनी फोन विनोदिनीपुढे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणावं की नाही, हे तिला कळेना. "बघा. माझं तर झालंय. सगळ्या गावाला कळलंय. मग आता तिचं बघायला काही हरकत नाही."

"भाऊजी, असं चेष्टेवारी..."

"चेष्टा नाही. मी तरी कशावरून ठरवू? तिचं एवढंच वाक्य आहे आपल्याकडे." मग निहारिकाकडे वळून म्हणाले, "ले लीजिए, बेटा. कहाँ साइन करूँ?"

सही करताना त्यांनी दोनदा विचारलं की मृताचं नाव कुठे आणि माझं कुठे. विनोदिनीने बोट ठेवून दाखवलं.

हॉलमधल्या बायका बाहेर आल्या, दार लोटलं गेलं. फाटकाशी प्रसाद प्रत्येक येणाऱ्याला थांबवून काहीतरी समजावत होता, आणि लोक आत येताना तोंडावर कोणता भाव ठेवायचा हे न समजून यज्ञेश्वररावांना नमस्कार करत होते. एकाने तर "अभिनंदन" म्हटलं आणि जीभ चावली.

"वहिनी," यज्ञेश्वरराव म्हणाले, "आत काय करतायत ते सांगा. क्रमाने सांगा."

विनोदिनी त्यांच्या शेजारी बसली आणि वर्गात सांगायची तसं हळू आवाजात सांगू लागली. पापणी अलगद वर धरतात. नखाएवढा पडदा असतो, काचेसारखा, त्याला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो दुसऱ्याला चालतो. तो कडेने सोडवून औषधाच्या पाण्यात ठेवतात. मग पापणी मिटतात.

"दुखत नाही," ते म्हणाले. हा प्रश्न होता की दुसऱ्यांना सांगायचं सवयीचं वाक्य, ते तिच्या लक्षात आलं नाही. तिने मान हलवली.

दार उघडलं. "हो गया, अंकल," निहारिका म्हणाली. "देख लीजिए. चेहरा वैसा ही है."

ते उठले, कुणाचा हात न घेता वॉकर टेकत हॉलमध्ये गेले. विनोदिनी मागोमाग गेली. अहल्या जमिनीवर होती, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात दुसऱ्यासाठी आणलेला झेंडूचा हार. पापण्या मिटलेल्या. यज्ञेश्वररावांना खाली बसता येत नव्हतं. ते वॉकरवर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"रागावलीय का हो?"

माणूस गेल्यावर चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात, त्यावरून काहीच वाचता येत नाही, हे विनोदिनीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने खाली बसून अहल्याकडे नीट, जवळून पाहिलं. कपाळावरची एक बट तिने मागे सारली. कपाळ गार होतं. तेव्हा कुठे तिला हुंदका आला.

"मला नाही सांगता येत, भाऊजी."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि प्रसादने सरकवलेल्या खुर्चीवर तिच्या उशाशी बसले.